दोन जीवांची वडी : गरोदरपणातलं मधल्या वेळचं खाणं

आजच्या विषयाचं नाव वाचून हे व्याख्यान पाककृतीचं आहे की आरोग्याचं, असा प्रश्न काहींना पडला असेल. दोन्हीचं आहे. बाजारात ज्याला एनर्जी बार किंवा न्यूट्रिशन बार म्हणतात, तो चकचकीत कागदात गुंडाळलेला पदार्थ आपल्याकडे काही नवा नाही. चिक्की आहे, तिळाची वडी आहे, राजगिऱ्याची वडी आहे, खजुराची वडी आहे. कोरडं, टिकाऊ, पर्समध्ये मावणारं आणि ताट-वाटी न लागणारं खाणं आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. अशी एक वडी घरी कशी करायची हे आज आम्ही सांगणार आहोत. पण त्याआधी त्या वडीकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे ठरवायला हवं. कारण घोळ तिथेच होतो.

घोळ कसा होतो, बघा. बाईला चौथा महिना लागतो, सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळतात. गोळी घेतली की मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. मग घरातलं कुणीतरी प्रेमानेच म्हणतं, “कशाला त्या गोळ्या? गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, रक्त वाढतं.” आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, आपल्या देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शंभरातल्या बावन्न. बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे तिच्याकडे हरायला रक्त उरलेलं नसतं. म्हणून गूळ-शेंगदाण्याचा हिशेब एकदा मांडूनच टाकू.

त्यासाठी आधी वडीत काय घालतो ते सांगतो. लिहून घ्या. दीडशे ग्रॅम शेंगदाणे, पन्नास ग्रॅम तीळ, शंभर ग्रॅम डाळं, म्हणजे चिवड्यात घालतो ते पंढरपुरी डाळं, तीस ग्रॅम राजगिऱ्याच्या लाह्या, बिया काढलेला दीडशे ग्रॅम खजूर, पन्नास ग्रॅम गूळ, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि आवडत असेल तर वेलची किंवा सुंठ. हे सगळं मिळून साधारण साडेपाचशे ग्रॅम भरतं. त्याच्या अठरा वड्या पाडल्या की एक वडी तीस ग्रॅमची होते.

आता या एका वडीत काय आहे? सुमारे १३० कॅलरी. प्रथिनं चार ग्रॅमच्या आसपास. साखर, म्हणजे खजुरातली आणि गुळातली मिळून, आठ ग्रॅम. साधारण दोन लहान चमचे समजा. कॅल्शियम ५० मिलिग्रॅम. आणि लोह? साधारण दीड मिलिग्रॅम. सरकारी कार्यक्रमातल्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. म्हणजे एका गोळीची बरोबरी करायला चाळीस वड्या. रोज! (हशा) हसताय, पण “गोळीऐवजी खजूर” म्हणणारी मंडळी हाच सल्ला देत असतात. शिवाय शाकाहारी पदार्थांतलं लोह शरीर पटकन शोषून घेत नाही; दहा भागांतला एखादा भाग, कधी तोही नाही. गोळीतलंही सगळं शोषलं जात नाही, पण मुळातच ते इतकं जास्त असतं की उरतं ते पुरतं.

गुळाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा लौकिक फार मोठा आहे. गूळ लोखंडी कढईत उकळतो, त्याचा रंग तांबूस-काळपट असतो, त्यामुळे त्यात भरपूर लोह असणार असं आपल्याला वाटतं. आहे थोडं. पण चमचाभर, म्हणजे दहा ग्रॅम गुळात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम भरतं. बाकी ती साखरच. तीच गत अळिवाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात अळिवातलं लोह १०० ग्रॅममागे १०० मिलिग्रॅम असं छापलेलं होतं आणि अजूनही आहारावरच्या लेखांत तोच आकडा फिरतो. त्याच संस्थेच्या २०१७ सालच्या नव्या तक्त्यात तो १७ मिलिग्रॅमच्या आसपास आला. एवढ्यानं अळीव वाईट ठरत नाही. आकडा तेवढा खाली आला.

मग वडी करायचीच कशाला, असं तुम्ही म्हणाल. सांगतो.

गरोदरपणात दोन जिवांचं खायचं असतं, असं आपण म्हणतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पोषण संस्था यांच्या २०२० सालच्या शिफारशी बघितल्या तर गरोदर बाईला दिवसाला जास्तीच्या ३५० कॅलरी पुरतात. दुप्पट जेवण नाही, दोन वड्या आणि एक कप दूध एवढंच ते. प्रथिनांची गरज मात्र चांगलीच वाढते: मधल्या तीन महिन्यांत दिवसाला साडेनऊ ग्रॅम जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांत तब्बल २२ ग्रॅम जास्त. म्हणजे पोटात जागा कमी कमी होत जाते आणि गरज वाढत जाते. सातव्या-आठव्या महिन्यात गर्भाशय वर सरकलेलं असतं, चार घास जास्त झाले की छातीत जळजळ, आडवं पडलं की घशाशी येतं. अशा वेळी एका बैठकीत भरपेट जेवण होत नाही. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण, यांच्या मधल्या फटी भराव्या लागतात. वडीचं काम ते.

आणि त्या फटी आज कशानं भरल्या जातात? नोकरी करणारी मुलगी साडेपाचला ऑफिसातून निघते, स्टेशनवर येते, पोटात कावळे ओरडत असतात, समोर वडापावची गाडी असते. चहा-बिस्किटं असतात. शेतावर जाणारी बाई सकाळी भाकरी खाऊन जाते ती दुपारपर्यंत चहावरच असते. घरात असणारीचं तर विचारूच नका. सगळ्यांचं झालं की ती बसते, आणि तोवर भाजी तळाला गेलेली असते. आमच्या मते वडीचा खरा उपयोग हा की ती तिच्या हाताशी असते, त्यासाठी कुणाचं पान वाढून होण्याची वाट बघावी लागत नाही. राज्याच्या आदिवासी भागात २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. तीत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण देतात, त्यात शेंगदाण्याचा लाडूही ठेवलेला आहे. तो तिथेच बसून खायचा असतो. ही त्यातली फार शहाणपणाची गोष्ट. घरी नेला की तो लाडू कुणाच्या तोंडात जाईल, हे सांगायला नको.

म्हणून आमची पहिली सूचना स्वयंपाकघराची नसून डब्याची आहे. या वड्यांचा डबा वेगळा ठेवा. त्यावर तिचं नाव घाला हवं तर. मुलांना, पाहुण्यांना, रात्री टीव्हीसमोर बसून “काही आहे का गं खायला” विचारणाऱ्यांना वेगळा डबा. आणि दुसरी सूचना इथे बसलेल्या पुरुष मंडळींना: ही वडी तुम्ही करा. पाऊण तासाचं काम आहे. सातव्या महिन्यातल्या बाईला ओट्याशी उभं करून तिच्याकडूनच तिचं पौष्टिक खाणं करवून घेणं बरं दिसत नाही.

आता कृती. शेंगदाणे निवडून घ्या आणि हे काम घाईत करू नका. काळे पडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे, खवट दाणे टाकून द्या. दाण्यांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते भाजल्यानं पूर्ण जात नाही. पावसाळ्यात सुटे दाणे घेताना तर दोनदा बघा. मग मंद आचेवर भाजून, सालं पाखडून जाडसर कूट करा. फार बारीक केलं की तेल सुटतं. तीळ वेगळे भाजा, तडतडायला लागले की लगेच उतरवा. एक मिनिट जास्त झालं तर कडू होतात. डाळं मिक्सरमधून रवाळ काढा. याच पिठामुळे वडीला बांधणी येते.

जाड बुडाच्या कढईत तूप घाला, त्यात चिरलेला खजूर मंद आचेवर परता, चमच्यानं दाबत राहा म्हणजे त्याचा लगदा होतो. मग किसलेला गूळ घाला. गूळ वितळला की पुरे. पाक करायचा नाही, हे पुन्हा सांगतो, कारण चिक्की करायची सवय असलेला हात आपोआप पाकाकडे जातो. गोळीबंद पाक झाला की वडी दगडासारखी होते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, ब्रश करताना रक्त येतं, त्या दिवसांत कडक आणि दाताला चिकटणारी चिक्की चावणं म्हणजे शिक्षा. आपल्याला मऊ वडी हवी आहे. खाल्ल्यावर चूळ भरायला मात्र विसरू नका, खजूरही चिकटतोच.

गॅस बंद करून कूट, तीळ, डाळ्याचं पीठ, मीठ, वेलची घाला आणि मळून घ्या. राजगिऱ्याच्या लाह्या सगळ्यात शेवटी, नाहीतर त्या मऊ पडतात. तूप लावलेल्या थाळ्यात थापा, वाटीच्या बुडानं घट्ट दाबा, अर्ध्या तासानं वड्या पाडा. मिश्रण फुटत असेल तर दोन-तीन खजूर आणखी कुस्करून घाला. दुधाचा हबका मारू नका. दूध लागलं की वडी चार दिवसांत बिघडते. कोरड्या स्टीलच्या डब्यात थंडीत दहा-बारा दिवस राहते, पावसाळ्यात आठवडाभरातच संपवा.

खायची कधी? सकाळी अकराला एक, संध्याकाळी पाचला एक. पाचची वडी आणि पाचचा चहा ही जोडी फार घट्ट आहे, पण ती तोडायला हवी. चहातल्या टॅनिनमुळे आधीच कमी शोषलं जाणारं लोह आणखी अडतं. वडी आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. वडीबरोबर पेरूची फोड, आवळा, संत्रं किंवा नुसतं लिंबूपाणी घेतलंत तर त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. लोहाच्या गोळीलाही तोच नियम. ती चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. एक दुपारच्या जेवणानंतर, एक रात्रीच्या, असं वाटून घ्या. गोळी सोसत नसेल तर डॉक्टरांना सांगा, वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलता येतो. न सांगता बंद करू नका. शौचाला काळं होणं हे गोळी घेतल्याचं लक्षण आहे, घाबरण्याचं कारण नाही.

इथे मुंबईची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे, त्याचा शोध त्या घेत होत्या. त्यांनी या बायकांच्या आहाराचा अभ्यास केला आणि त्यांच्या लक्षात आलं की यीस्टच्या अर्कानं, म्हणजे पावाला लावून खातात त्या मार्माइटनं, हा आजार बरा होतो. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. यीस्टमधला तो घटक कोणता हे कळायला पुढे आणखी काही वर्षं गेली. तेच आजचं फॉलिक आम्ल. म्हणजे आपण घेतो त्या गोळीची एक मुळी मुंबईच्या गिरणगावात आहे, आणि सुरुवात तिथल्या बायका काय खातात या प्रश्नापासून झाली. शेंगदाण्यात हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी असतं, भाजल्यावर थोडं कमी होतं. पण एक लक्षात घ्या. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते. तेव्हा बऱ्याच जणींना आपण गरोदर आहोत हेही ठाऊक नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की तेव्हापासूनच फॉलिक आम्लाची गोळी सुरू करायला सांगतात. वडी तिथे वेळेवर पोचत नाही.

आता चिठ्ठ्या आल्या आहेत, त्या घेऊ.

एक चिठ्ठी : “साखर वाढलेली असेल तर गुळाची, खजुराची वडी चालते का? ती तर नैसर्गिक साखर.” रक्ताला नैसर्गिक-अनैसर्गिक कळत नाही हो. गूळ, मध, खजूर, सगळ्यांनी साखर वाढते. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याच्या वर आला तर तो मधुमेह धरतात. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळू नका. साखर निघाली असेल तर ही वडी तुमच्यासाठी नाही. गूळ-खजूर वगळले की वडी बांधली जात नाही, मग बांधायचीच कशाला? भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, तीळ, थोड्या लाह्या डबीत घ्या आणि मूठभर खा. पोषण तेच. किती आणि कधी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

दुसरी : “सासूबाई तीळ खाऊ देत नाहीत, उष्ण पडतात म्हणतात.” हा प्रश्न दर वेळी येतो. स्वयंपाकात वापरतो तेवढ्या तिळानं गर्भाला अपाय होतो, याला भक्कम पुरावा नाही. या वडीत तर जेमतेम तीन ग्रॅम तीळ येतात. पण नऊ महिने घरात रोज वाद घालून खाल्लेला तीळ अंगी लागायचा नाही. तीळ काढा, तेवढंच सुकं खोबरं घाला. कॅल्शियम थोडं कमी होईल, ते दुधा-दह्यातून घ्या. तसंही एका पेल्या दुधात वडीच्या चौपटीहून जास्त कॅल्शियम असतं. सासूबाईंचं अळिवाबद्दलचं म्हणणं मात्र ऐका. अळीव, डिंक, मेथी यांचे लाडू आपल्याकडे बाळंतिणीला देतात, गर्भारशीला नाही, आणि अळीव गरोदरपणात टाळायची ही रीत आम्हीही पाळतो.

तिसरी : “आईनं शेंगदाणे खाल्ले तर बाळाला त्यांची ॲलर्जी होते का?” इंग्लंडमध्ये १९९८ साली ज्यांच्या घराण्यात ॲलर्जी आहे अशा आयांना दाणे टाळायचा सल्ला देत असत. २००९ साली तो मागे घेतला, कारण त्याला आधार सापडला नाही. आईला स्वतःला दाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच खायचे नाहीत.

चौथी : “तिसरा महिना आहे, गोडाच्या वासानंच उलटी होते.” मग नका खाऊ! पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरींची घाई नाही. सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच कोरड्या लाह्या किंवा डाळं चार दाणे तोंडात टाका, पाणी घोट घोट प्या. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मळमळ थांबली की डबा आहेच.

शेवटची : “बाळंतपणानंतर ही वडी चालू ठेवायची का?” जरूर. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला ६०० कॅलरी जास्त लागतात, गरोदरपणापेक्षाही अधिक. तेव्हा दोनाच्या तीन वड्या करा, आता हवं तर अळीवही घाला. रात्री पाजायला उठल्यावर भूक लागते, म्हणून एक वडी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस चालू ठेवायच्या असतात; वडीच्या डब्यावरच पाकीट ठेवलंत तर आठवण राहील. चहा मात्र तासाभरानं.